अडलात तर ‘समटाइम्स’ म्हणा

कामाच्या आठवणी निवृत्त माणसानं लिहाव्यात अशी रीत आहे. मला निवृत्त व्हायला अजून तीस वर्षं आहेत, आणि ज्या कामातून निवृत्त व्हायचं ते पुढच्या वर्षी असेल का, हेही ठाऊक नाही. तरी या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "तुझ्या क्लासच्या गमती लिही." बाई, मी गमती लिहीत नाही, पत्रकं लिहिते. पत्रकात गंमत आली की लोक पत्रकाचा भेळेला द्रोण करतात. पण तुम्ही मागितलंच आहे, तर एक गोष्ट लिहिते. ती गंमत आहे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

मी भोरची. कॉलेज सुटल्यावर इथल्याच एका संघटनेत शिरले. दवाखाना, रस्ता, बंद पडणारी शाळा, जे समोर येईल त्यावर आम्ही मोर्चा काढायचो आणि त्याचं पत्रक मी लिहायचे. मग आमच्या लक्षात आलं, की शिरवळच्या कारखान्यांत आमच्या पोरांना कामासाठी नाही, इंग्रजीसाठी नापास करतात. यंत्र चालवता येतं, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ येत नाही. संघटनेनं ठरवलं, इंग्रजी बोलायचा क्लास काढायचा. माझं बी. ए. इंग्रजीचं, त्यामुळे गुन्हा माझ्याच नावावर लागला.

सोमवार-मंगळवार भोरला बाजारपेठेत, आणि बुधवार ते शुक्रवार शेजारच्या वेल्हे तालुक्यात, विंझरला. विंझरला जायचं म्हणजे कापूरव्होळला उतरून गाडी बदलायची. तिथं खताच्या दुकानाच्या माळ्यावर वर्ग भरतो. युरियाचा वास आणि वर इंग्रजी, दोन्ही डोक्यात जातात.

बाहेरच्यांना वाटतं इंग्रजी शिकवणं म्हणजे स्पेलिंगं पाठ करून घेणं. तसं नसतं. पोरं अडतात ती एका साध्या प्रश्नाला: हाउ ऑफन? म्हणजे, कितीदा? त्याची उत्तरं सहा. मी फळ्यावर शिडी काढते. सगळ्यात वर ऑल्वेज, म्हणजे दरवेळी, एकही खेप न चुकता. खाली युजुअली, बहुतेक वेळा. मग ऑफन, पुष्कळदा. समटाइम्स, कधी कधी. रेअरली, क्वचित. आणि तळाला नेव्हर, कधीच नाही. वाक्यात यांची जागा ठरलेली, कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये. ॲम-इज-आर आलं तर त्याला ओलांडून पलीकडे बसायचं. एवढंच. पंधरा मिनिटांचं काम.

पुस्तकात उदाहरणं होती: मी नेहमी सहाला जॉगिंग करतो, मी पुष्कळदा सिनेमाला जातो. वेल्हे तालुक्यात कुठला सिनेमा? पुस्तक फेकलं आणि आमची वाक्यं केली. म्हैस बहुतेक सहाच्या आत घरी येते. बिबट्या क्वचित येतो. यावर वर्गात भांडण लागलं. खालच्या गावातले म्हणत होते रेअरली, वरच्या वाड्यांवरची पोरं म्हणत होती ऑफन. "तुमाला दिसत न्हाई म्हंजी त्यो येत न्हाई का?" असं सिंधू म्हणाली आणि भांडण मिटलं. या सिंधूकडे मी पुन्हा येते.

त्याआधी बापू. बापू चाळिशी ओलांडलेला, पासलीकडच्या वाड्यांवरून दूध गोळा करून टेम्पोनं खाली आणणारा. त्याला कंपनीत ड्रायव्हरची नोकरी हवी होती. मी मुलाखतीचा सराव घ्यायचे.

"डू यू ऑल्वेज वेअर सीट बेल्ट?"

"ऑल्वेज."

"बापू, तुमच्या टेम्पोला बेल्ट हाय का?" मागून कुणीतरी.

"न्हाई. पन ईचारनारा काय टेम्पो बघाया येनार हाय?"

"डू यू ड्राइव्ह फास्ट?"

"नेव्हर!"

"आन् मार्गासनीची कोंबडी?" सिंधू.

"ती येकदाच मेली की! दर खेपंला थोडीच मरती?"

"मग रेअरली म्हना."

वर्ग हसून हसून लोळला. पण खऱ्या मुलाखतीत बापू ऑल्वेज आणि नेव्हर म्हणत गेला आणि साहेबानं त्याला त्यातच गुंडाळला. ऑल्वेज वेळेवर? मग आज उशिरा का आलात? नेव्हर दमत नाही? मग तुम्ही माणूस आहात की इंजिन? बापू तोंड पाडून परत आला. मला संताप आला. साहेबाला ड्रायव्हर हवा होता की साक्षीदार? त्या संतापात मी पोरांना एक युक्ती शिकवली. ऑल्वेज म्हणालात तर खोटे पडता, नेव्हर म्हणालात तर उद्धट ठरता. म्हणून अडलात तर ‘समटाइम्स’ म्हणा. बरोबरच येतं.

मी हे फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलं आणि ते पुसायचं नाही असा दम भरला. बापू दुसऱ्या मुलाखतीला गेला. साहेबानं विचारलं, दारू पिऊन गाडी चालवता का? बापू अडला. म्हणाला, "समटाइम्स, सर."

बापू अजून दुधाचाच टेम्पो चालवतो. त्याच वेळी ती चौकट पुसायला हवी होती. मी पोटभर हसले आणि तशीच ठेवली.

आता म्हणाल, शब्दांच्या बाबतीत ही बाई एवढी ढिली कशी? ढिली नव्हते, उलट्या बाजूनं बिघडलेली होते. पत्रकात दोनच शब्द चालतात, नेहमी आणि कधीच नाही. आमचे दादा, म्हणजे संघटनेचे म्होरके, सांगायचे, "पत्रकात ‘कधी कधी’ लिहिलंस की पत्रक मेलं." एकदा एका खोऱ्यातल्या दवाखान्याबद्दल मी लिहिलं, ‘डॉक्टर कधीच हजर नसतात.’ दोनशे माणसं घेऊन आम्ही तिथं धडकलो, तर डॉक्टर दारात उभा. हातात माझंच पत्रक. "ताई, मी कोण आहे मग?" त्याच्याकडे दोन दवाखान्यांचा भार होता. तीन दिवस इथं, तीन दिवस तिथं. तीन दिवस दवाखाना रिकामा असतो, हे भांडायला पुरेसं होतं. खरं तर तेच भांडण होतं. पण आम्ही ‘कधीच’ म्हणालो आणि लोक हसत हसत घरी गेले. डॉक्टर तेवढाच राहिला, तीन दिवसांचा.

तर मी ही अशी. आणि माझ्यासमोर बसायची सिंधू, जिच्या घरात ‘कधीच’ आणि ‘नेहमी’ हे शब्द तोंडातून काढायला सगळे भीत होते.

सिंधू पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातली. पाच-सहा घरं, म्हशी, थोड्या शेरड्या. बारावी झालेली. तासभर उतरून पासलीला यायची, तिथून बापूच्या टेम्पोत पुढं बसून विंझरला. एका हातानं दुधाचा कॅन धरलेला, दुसऱ्या हातात वही. तिला दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसायचं होतं. "तितं बसल्याली बाई आमच्या आयेवर खेकसली हुती," ती म्हणाली. "म्या बसले तर खेकसनार न्हाई." नोकरी मागायचं यापेक्षा चांगलं कारण मी ऐकलेलं नाही.

ती आईबद्दल एवढंच बोलली होती. मीही पुढं विचारलं नाही.

गेल्या श्रावणात पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाचं हृदयाच्या तपासणीचं शिबिर वेल्ह्यात झालं. फुकट. आलेल्यांचा रक्तदाब बघायचे, छातीला नळी लावायचे आणि हातात एक फॉर्म द्यायचे. फॉर्मवर ठरणार, पुण्याला मोठ्या तपासणीसाठी कुणाला आधी बोलवायचं. आणि फॉर्म इंग्रजीत! वेल्ह्यात, म्हशीमागून आलेल्या बाईच्या हातात इंग्रजी फॉर्म. माझ्या डोक्यात लगेच पत्रक तयार झालं, मथळ्यासकट. पण सिंधूनं माझं पत्रक होऊ दिलं नाही. तिनं आईचा फॉर्म स्वतः भरला. कुणाला न विचारता, शिबिराच्या मांडवात, गुडघ्यावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईलवर त्याचा फोटो मला दाखवला. चक्कर कितीदा येते, शुद्ध कितीदा जाते, धाप कितीदा लागते. पुढं माझी सहा पायऱ्यांची शिडीच आडवी छापलेली. सिंधूच्या खुणा सगळ्या समटाइम्स आणि रेअरलीवर. खाली दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या होत्या. तिनं लिहिलं होतं: माझ्या आईला कधी कधी चक्कर येते. ती क्वचित पडते. अर्थात इंग्रजीत. समटाइम्स बरोबर जागी, रेअरली बरोबर जागी, एकही चूक नाही.

मी काय केलं? मी म्हणाले, "शाबास!" वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. ती दोन वाक्यं फळ्यावर लिहून सगळ्यांकडून वहीत उतरवून घेतली. एका बाईची शुद्ध जाते आहे, ती पडते आहे, हे मी आदर्श वाक्य म्हणून शिकवलं. आणि एकदाही विचारलं नाही की बाई गं, कितीदा?

यादी लागली. सिंधूच्या आईचा नंबर दिवाळीनंतरचा आला. गणपतीनंतर तिचं येणंच बंद झालं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बापूला विचारलं तर म्हणाला, "दूध तिचा बा घिऊन येतोय. पोरगी न्हाई दिसली." मला काय झालं असेल ते लगेच कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. पोरीचं लग्न ठरवलं! बारावी झालेली, इंग्रजी बोलणारी पोरगी चुलीला बांधली! मी शुक्रवारचा वर्ग सोडला, बापूच्या टेम्पोत बसले, आणि पासलीपासून चढण चढताना बापाला काय सुनवायचं ते पाठ करत गेले. समाज, शिक्षण, कायदा, सगळं होतं त्यात.

सिंधूचे वडील धोंडिबा अंगणात दावी वळत बसले होते. "या बाई, बसा," म्हणाले. मी बसले नाही.

"सिंधूला का बंद केलंत?"

"आमी कशाला बंद करू?"

"मग येत का नाही? ठरवलंय का कुठं तिचं?"

त्यांनी दावं खाली ठेवलं. तेवढ्यात आतून सिंधूची आई, हिराक्का, बाहेर आल्या. हातात दुधाचा पेला. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा ताजा, लाल डाग. "आदी दूध घ्या, मंग भांडा," त्या हसून म्हणाल्या. आणि हसता हसताच खाली गेल्या.

ओरडल्या नाहीत, काही नाही. कुणी दिवा मालवावा तशा गेल्या. मी किंचाळले. पण त्या जमिनीवर पोचायच्या आतच सिंधू दारातून आलेली होती. एक हात मानेखाली, दुसरा पाठीखाली. धाकट्या भावानं उंबऱ्याजवळची गोधडीची घडी सरकवली, ती बरोबर डोक्याखाली गेली. धोंडिबांनी सांडलेल्या दुधावरून कुत्र्याला हाकललं. कुणीही धावपळ केली नाही. कुणी कुणाला काय कर म्हणून सांगितलं नाही.

एवढ्यावरून मला कळलं. माणसं क्वचित घडणाऱ्या गोष्टीत इतकी तरबेज होत नाहीत.

पाच-सात श्वासांत हिराक्का उठून बसल्या. पदर सारखा केला. मी विचारलं, "अक्का, हे कितीदा होतं?"

"कदीमदी."

"अक्का, खरं सांगा."

"सांगितलं न्हवं? कदीमदी. वाइच." मग डोळे वटारून, हळू आवाजात, "आसं घरात मोजून बोलू न्हाई, बाई. वास्तू तथास्तू म्हनती."

आता सांगा, माझ्या समाज-शिक्षण-कायद्याच्या भाषणात याला कुठं उत्तर होतं? माझी आजीही हेच म्हणायची, तुमचीही म्हणत असेल. घरातले तांदूळ संपले म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. वाईट गोष्ट तोंडातून पुरी बाहेर काढायची नाही. घर ऐकतं आणि ‘तसंच होवो’ म्हणतं. हिराक्कांनी शिबिराच्या मांडवातही लेकीला ‘कदीमदी’च सांगितलं होतं, घरी सवय लागलेली म्हणून. लेकीला खरं माहीत होतं. पण आईच्या शब्दाबाहेर तिनं जायचं कसं? ती अडली. आणि अडलात तर काय म्हणायचं, हे बाईंनी चौकट करून दिलेलंच होतं.

"हा डाग कधीचा?" मी सिंधूला विचारलं.

"यादी लागली त्याच्या नंतरचा. चुलीवर पडली." मग ती म्हणाली, "म्हून म्या येत न्हाई, मॅडम. बा म्हसरांमागं, भावाची शाळा. चुलीपाशी कोन बसनार?"

लग्न ठरलेलं नव्हतं. ती आईला झेलायला घरी थांबली होती.

मी गप्प झाले. माझ्या ओळखीच्या लोकांना विचारा, हे रेअरली होतं.

मग धोंडिबा उठले. म्हणाले, "चला बाई. वाघजाईला पाया पडून या. आलाय तर."

वाड्याच्या वर दोनशे पावलांवर वाघजाईचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे मूर्ती नाही, नुसता दगड, भोवती दगडांचं कुंपण, वर काही नाही. "हिला छप्पर चालत न्हाई," धोंडिबा सांगत होते. "दोनदा पत्रं घातलं. दोनी येळंला वाऱ्यानं नेलं. मंग आमी नाद सोडला."

देवीच्या डाव्या हाताला ओढ्यातल्या गुळगुळीत खड्यांची एक ओळ होती. ओळ कसली, दोन-अडीच ओळी. एकसारखे, सुपारीएवढे.

"हे काय?"

"ती पडली की येक ठिवतो. आखाडातल्या बेंदरापास्नं." ते खड्यांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "मान्साला सांगू न्हाई. पन हिला तर सांगाया पायजे ना."

आमच्यामागून सिंधू आली होती. ती खाली बसली आणि मोजायला लागली. एक्केचाळीस. धोंडिबांनी खिशातून एक काढला, खाली ठेवला. बेचाळीस. तो माझ्यासमोर पडलेल्या हिराक्कांचा.

मी आयुष्यात पुष्कळ कागद पुरावे म्हणून जोडले आहेत. यापेक्षा पक्का पुरावा पाहिला नाही. आणि हा माणूस तो रुग्णालयाला सोडून एका दगडाला देत होता, कारण दगडाला छप्पर नव्हतं, तिथं तथास्तू म्हणायला घरच नव्हतं.

मी तिथंच मोबाईल काढला. ठाण्यावर रेंज येते, घरात येत नाही. यादीखालचा नंबर लावला आणि उचलणाऱ्या मुलावर तुटून पडले. फॉर्म इंग्रजीत का, नंबर उशिराचा का, बाईला काही झालं तर जबाबदार कोण. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, इथं लिहिलंय रेअरली. फार चांगल्या इंग्रजीत लिहिलंय. आम्ही कागदावरचंच वाचणार ना?"

ते चांगलं इंग्रजी माझं होतं.

तो मुलगा वाईट नव्हता. म्हणाला, "नवा फॉर्म मोबाईलवर पाठवतो, आज भरून द्या. डॉक्टरांना आजच दाखवतो." फॉर्म आला. मी सिंधूला म्हणाले, "ऑल्वेजवर खूण कर. सगळीकडं ऑल्वेज. उद्या बोलावतील."

सिंधूनं मान हलवली. "ऑल्वेज न्हाई, मॅडम."

"अगं, आई आहे ना तुझी? थोडं वाढवून लिहिलं तर काय बिघडतं?"

"आन् तितं डाक्टरनी ईचारलं, आत्ता हुबी हाय ती कशी? मंग?" ती खड्यांकडे बघत म्हणाली. "बेंदरापास्नं धा आठवडं. बेचाळीस. आठवड्याला चारदा, कवा पाचदा. ऑफन. ऑफनच."

दवाखान्याच्या दारात माझं पत्रक हातात घेऊन उभा असलेला तो डॉक्टर मला आठवला. मी मोबाईल तिच्या हातात दिला.

पण तिला आईच्या तोंडून हवं होतं. ती खाली गेली आणि हिराक्कांना हाताला धरून वर घेऊन आली. हिराक्का धापा टाकत कुंपणाच्या दगडावर टेकल्या. धोंडिबा म्हणाले, "हितं छप्पर न्हाई. हितं बोल."

हिराक्कांनी आधी वर बघितलं. आभाळ मोकळं होतं, एक घार तेवढी फिरत होती. मग त्या बोलायला लागल्या, आणि थांबेचनात. पाणी आणताना. धार काढताना. एकदा पाण्यातच पडले होते, तुला सांगितलं नव्हतं. छातीत आधी गप्प होतं, मग काळोख येतो. रात्री निजायची भीती वाटते, सकाळी उठलेच नाही तर म्हशींचं कोण बघेल. धोंडिबांनी पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. त्यांनाही यातलं सगळं माहीत नव्हतं. सिंधू लिहीत होती. या वेळी वाक्यं मोडकी होती, एक-दोन ठिकाणी शब्दांच्या जागा चुकल्या होत्या. मी एकही दुरुस्त केली नाही. शेवटी तिनं खड्यांचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं, एक दगड म्हणजे एकदा.

अंधार पडायच्या आत फोन आला. सोमवारी आणा.

बापूनं टेम्पोतले कॅन उतरवून ठेवले, मागं गाद्या घातल्या आणि पुण्यापर्यंत असा चालवला की मागच्या बैलगाड्यांनी शिव्या घातल्या. "डू यू ड्राइव्ह फास्ट?" मी विचारलं. "आज नेव्हर," तो म्हणाला. हिराक्कांचं हृदय मधेच ठोका सोडत होतं, पुन्हा सुरू व्हायला वेळ लावत होतं. डॉक्टरांनी छातीत कातडीखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबला असता तर सांगता येत नव्हतं. यावर मी काही लिहिणार नाही.

फॉर्मवर मात्र मी पत्रक लिहिलं. माझं हे पहिलंच पत्रक, ज्यात एकही ‘नेहमी’ नाही आणि एकही ‘कधीच’ नाही. ‘आठवड्यातून चारदा पडणारी बाई इंग्रजीत क्वचित पडते,’ असं सुरू होतं. दादा म्हणाले, "मेलं हे." मेलं नाही. पुढच्या शिबिराला मराठी फॉर्म आला. त्यात पर्याय असे होते: सर्वदा, बहुशः, वारंवार, यदाकदा, क्वचित, कदापि नाही. धोंडिबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यापरीस ती विंग्रजी बरी हुती." त्यामुळे दुसरं पत्रक लिहावं लागलं. ते भांडण अजून चालू आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे की नुसतं विचारा, गेल्या आठवड्यात कितीदा? आणि आकड्याला जागा सोडा.

विंझरच्या फळ्यावरची चौकट मी पुसली. पण ज्या वह्यांत ती दोन आदर्श वाक्यं उतरली आहेत, त्या कुठं कुठं गेल्या असतील मला माहीत नाही. हिराक्कांच्या हातावरचा डाग आता पांढरा पडला आहे. तो दिसला की मला माझं ‘शाबास’ ऐकू येतं. आता शिडी शिकवताना कुणी समटाइम्स म्हणालं, की मी खडू खाली ठेवते आणि विचारते, मोजलंस? पोरं वैतागतात. वैतागू देत. आणि कुणी घरातलं दुखणं सांगायला अडलं, तर वर्ग उठवून दुकानामागच्या मोकळ्या शेतात नेते. युरियाचा वासही तिथं येत नाही.

सिंधू वेल्ह्यातल्या एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर बसते. खेकसते का, असं मी विचारलं. "रेअरली," म्हणाली. तिच्यापुरता मी यावर विश्वास ठेवते, तिला मोजता येतं.

या वर्षी बेंदराला मी वाड्यावर गेले होते. म्हशींची शिंगं रंगवलेली, धोंडिबांच्या हाताला हिंगूळ लागलेला. वाघजाईपाशी खडे तेवढेच होते. घराच्या अंगणात बसून मी हिराक्कांना विचारलं, "आता कितीदा होतं, अक्का?"

त्या उत्तर न देता उठल्या. मला वाटलं, आता ठाण्यावर नेतात. पण त्यांनी माझा हात धरला आणि घरात नेलं. चुलीपाशी, बरोबर आढ्याखाली उभं केलं.

"कदीच न्हाईला तुमच्या विंग्रजीत काय म्हन्त्यात?"

"नेव्हर."

हिराक्कांनी मान वर केली, धुरानं काळ्या झालेल्या आढ्याकडे बघितलं आणि म्हशीला हाक मारतात तशा आवाजात म्हणाल्या, "नेवर! नेवर! नेवर!" मग पदर खोचत आढ्यालाच विचारलं, "आयकलंस न्हवं? म्हन आता तथास्तू."